तीस पारे

द्रामेनला जानेवारीत पारा उणे अठरापर्यंत उतरतो.
माझ्यात तीस पारे आहेत.
ते काही केल्या उतरत नाहीत.

बाराव्या वर्षी पाठ झाले सगळे,
टायरच्या दुकानाखाली, तळघरातल्या मशिदीत.
रबराचा वास, ओल्या मोज्यांचा वास,
आणि कारी शब्बीरांच्या मांडीवर बागेची हिरवी नळी.
उच्चार चुकला की एक वळ.
अर्थ विचारला की दोन.
शेवटचा पारा म्हणून दाखवला त्या दिवशी अब्बांनी
कागद कारखान्यातल्या अख्ख्या रात्रपाळीला जिलेबी वाटली.
नॉर्वेजियनांनी ती काट्याने खाल्ली.

एका दिवसात नाही सुटलं.
आधी पहाटेची नमाज गेली, झोपेच्या नावाखाली.
मग मी अर्थ वाचायला लागलो.
मग फरहतचं लग्न ठरलं, खारियांला,
तिची शाळा अजून संपायची होती,
आणि ती जिन्यात बसून रडत असताना
कारीसाहेबांनी एक आयत काढून दाखवली.
मला पाठ होती.
लहानपणी तीच मी सगळ्यात गोड म्हणायचो.

मग बोललो. एकदाच. गावच्या पेपरात अर्धं पान.
मग बोलतच राहिलो.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेल्याच्या हातात
माईक आला की तो खाली ठेवता येत नाही.

आता सोबतीला तूर्स्टेन असतो, पोलिसांनी दिलेला.
पावावर तपकिरी चीज ठेवून खातो,
दाराकडे तोंड करून.
मला झोप लागते की नाही
हे बायकोच्या आधी त्याला कळतं.

शीएनच्या सभागृहात एका म्हाताऱ्याने
माझा हात दोन्ही हातांत धरला.
"शाबास, पोरा. आता सगळ्यांना परत पाठवायचं."
सगळ्यांना म्हणजे कोणाला, आजोबा?
हाजरां बीबी, वय एकाहत्तर, डावा गुडघा बदललेला,
शेजारीण गावाला गेली की तिच्या मांजराला दूध घालते, तिलाही?
हे मी विचारलं नाही.
टाळ्या चालू होत्या.
हातही सोडवून घेतला नाही.

अब्बा मंगळवारी गेले.
काकांचा निरोप आला: येऊ नकोस, लोक बिथरतील.
गेलो.
रस्त्यापलीकडे, गाडीत, काच वर.
जमीन गोठलेली, खड्डा यंत्राने खणलेला.
खांदा बदलताना मागची डावी बाजू
क्षणभर रिकामी राहिली,
मग फरहतचा नवरा तिथे शिरला.
बर्फात चार रांगा उभ्या राहिल्या
आणि माझे ओठ हलायला लागले.
तूर्स्टेनने आरशातून पाहिलं. "काही म्हणालास?"
"नाही. थंडी आहे."
त्याने हीटर वाढवला.

त्याच रात्री स्टुडिओत होतो.
जे म्हणायचं ते म्हणालो, एक शब्द न गिळता.
त्यातलं काही मागे घेत नाही.
नळीचे वळ खरे आहेत. फरहतचा जिना खरा आहे.
पण गाडीतले ते ओठही माझेच होते,
त्यांना कुठल्या चर्चेत बसवू?

गुरुवारी अम्मीचा फोन येतो.
जेवलास का, विचारते. टीव्हीचं नाव काढत नाही.
त्या गुरुवारी फोन तसाच बाजूला ठेवून
ती अब्बांसाठी यासीन म्हणायला बसली,
आणि मध्येच अडली.
वय झालंय तिचं.
मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा तिथेच अडली.
फोनमध्ये फक्त तिच्या दम्याची शीळ.

अडलेल्याला पुढचा शब्द देणं,
त्याला लुकमा म्हणतात. म्हणजे घास.

मी दिला.
ती पुढे गेली, शेवटपर्यंत,
कुठून आला ते न विचारता.
फोन ठेवताना एवढंच म्हणाली,
"परवा स्टुडिओत स्वेटर नव्हता घातलास."